शिधा, शाळा आणि मन : महासाथीच्या काळात वंचित वस्त्यांतील किशोरवयीन मुलांना आधार कसा द्यावा

महासाथीच्या काळात गरीब वस्त्यांतील किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की पहिली सूचना बहुधा समुपदेशनाची येते : हेल्पलाइन सुरू करावी, तिचा क्रमांक सर्वत्र पोचवावा आणि मुलांनी मोकळेपणाने बोलावे. ही सूचना चुकीची नाही. परंतु २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महाराष्ट्रात जे दिसले त्यावरून ती एकटी फारशी पुरी पडत नाही, असेच म्हणावे लागते. ज्या घरातला शिधा संपत आला आहे, खोलीचे भाडे थकले आहे, फोन एकच आहे आणि तोही वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरातील चौदा वर्षांच्या मुलीच्या अस्वस्थतेची मुळे तिच्या मनापेक्षा घरच्या परिस्थितीत अधिक खोल गेलेली असतात. म्हणून शिधा पोचवणारा हात आणि मनाला आधार देणारा हात शक्यतो एकच असावा, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. शिक्षक, आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका, मंडळांचे कार्यकर्ते आणि स्वयंसेवी संस्था यांनी ते प्रत्यक्षात कसे आणावे, याचा विचार पुढे केला आहे.

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयोगटाला किशोरवय मानते आणि या वयातील दर सात मुलामुलींमागे एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो, असा तिचा अंदाज आहे. भारतात निम्हान्स या बंगळुरूच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के आढळले. याच सर्वेक्षणाने ‘उपचारातील तफावत’, म्हणजे आजार असूनही उपचारापर्यंत न पोचलेल्या रुग्णांचे प्रमाण, निरनिराळ्या विकारांसाठी सुमारे ७० ते ९२ टक्के असल्याचे दाखवून दिले. ही सारी स्थिती साथ येण्यापूर्वीची आहे. साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य या दोन विकारांत सुमारे २५ टक्क्यांची वाढ झाली, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये जाहीर केले आणि तरुण वर्ग व स्त्रिया यांना त्याची झळ अधिक बसल्याचेही नमूद केले. आधीच तोकडी असलेली व्यवस्था आणि अचानक वाढलेली गरज यांच्यामधली जागा कोणी भरायची, हा खरा प्रश्न आहे. आणि ती प्रामुख्याने वस्तीतल्या माणसांनाच भरावी लागते.

धोका कोणाला अधिक

साथ सर्वांना सारखी गाठते, हे वाक्य २०२० मध्ये पुष्कळदा उच्चारले गेले, पण ते खरे नव्हते. सामाजिक किंवा आर्थिक स्थितीमुळे ज्यांच्याकडे संकट पेलण्याची साधने कमी असतात, अशा समूहांना ‘असुरक्षित समूह’ म्हटले जाते आणि अशा समूहांतील मुलांना साथीचा फटका रोगापेक्षा रोगाच्या बंदोबस्तामुळे अधिक बसतो. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा ऊसतोडणीचा हंगाम अद्याप संपलेला नव्हता. बीड, अहमदनगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात गेलेली तोडणी कामगारांची कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, अडकून पडली आणि एप्रिलच्या मध्यात सरकारने परवानगी दिल्यावरच त्यांना गावाची वाट धरता आली. गावी पोचल्यावर पुन्हा वेशीबाहेर, शेतात किंवा शाळेच्या खोलीत विलगीकरण वाट्याला आले. या कुटुंबातील बारा-तेरा वर्षांच्या मुलीकडे कोपीत धाकट्या भावंडांचा सांभाळ, पाणी आणि स्वयंपाक ही कामे साथीच्या आधीपासूनच असतात. पुढच्या हंगामात शाळा बंद असल्यामुळे तिला गावी ठेवण्याचे उरलेसुरले कारणही संपले. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, त्यामुळे घरातल्या प्रत्येक हाताचा हिशेब धरला जातो. अशा मुलीला ‘तणाव व्यवस्थापना’ची पुस्तिका देणे व्यर्थ आहे, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

आदिवासी भागांत चित्र आणखी वेगळे होते. राज्यातील एक हजाराहून अधिक शासकीय व अनुदानित आश्रमशाळा बंद झाल्या आणि नंदुरबार, पालघर, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतील मुले पाड्यांवर परतली. आश्रमशाळा म्हणजे केवळ वर्ग नव्हे; दोन वेळचे जेवण, मैत्रिणी, वसतिगृहाचे वेळापत्रक आणि घराबाहेरची एक ओळख असे सगळे त्यात येते. हे सारे एका दिवसात हातातून गेलेल्या मुलाला दुःख होते याची दखल फारशी घेतली गेली नाही, कारण मूल ‘घरी सुखरूप’ आहे असे गृहीत धरले गेले. शहरी वस्त्यांत दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसे चोवीस तास राहू लागली आणि सार्वजनिक शौचालयाची रांग हीच संसर्गाची जागा ठरली. शिधापत्रिका नसलेली भटक्या-विमुक्त जमातींची कुटुंबे, घराबाहेर काढले गेलेले तृतीयपंथी किशोर, ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेणारी आणि मास्कमुळे तेही गमावलेली कर्णबधिर मुले, यांची नावे मदतीच्या याद्यांत शेवटी येतात किंवा येतच नाहीत. कार्यकर्त्यांनी साथीच्या आरंभीच आपल्या भागातील अशा मुलांची स्वतंत्र यादी करावी आणि ती यादी समाजमाध्यमांवर फिरणार नाही याची खबरदारी घ्यावी, कारण २०२० मध्ये बाधितांची नावे व पत्ते मोबाइलवरून पसरले आणि त्याची शिक्षा घरातल्या मुलांनी भोगली.

विश्वास आधी, सल्ला नंतर

साथ आणि सरकारी बळ यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या निमित्ताने घरोघरी झालेल्या सक्तीच्या तपासण्यांनी लोकांच्या मनात जो रोष निर्माण केला तो सर्वज्ञात आहे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत हडपसर परिसरात रुग्णांची सेवा करत होते आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच सावित्रीबाईंचे निधन झाले. एकाच साथीत लोक एका पथकाला पाहून रुग्ण लपवत होते आणि दुसऱ्या ठिकाणी स्वतः रुग्ण घेऊन जात होते. १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण आढळल्यानंतर धारावीत महापालिकेने जे काम केले, त्यातही घरोघरी तपासणीबरोबर वस्तीत वर्षानुवर्षे दवाखाना चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांना सोबत घेण्याचा निर्णय महत्त्वाचा ठरला, कारण लोकांची ओळख महापालिकेच्या पथकाशी नव्हे तर त्या डॉक्टरांशी होती.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत हा धडा अधिकच लागू पडतो. मूल अनोळखी तज्ज्ञापेक्षा ओळखीच्या ताईशी, शाळेतल्या एखाद्या आवडत्या सरांशी किंवा कबड्डीच्या संघातील थोरल्या मुलाशी बोलते. सामान्य माणसांना थोडक्या पण शिस्तबद्ध प्रशिक्षणाने मानसिक आधाराचे काम करता येते, हे गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगथ’ या संस्थेच्या कामातून आणि नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात सुरू झालेल्या ‘आत्मीयता’ या उपक्रमातून दिसून आले आहे. या पद्धतीला ‘कार्यविभागणी’ म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञाने फक्त गुंतागुंतीचे रुग्ण पाहावेत आणि सौम्य त्रास असलेल्यांना प्रशिक्षित समाजघटकांनी सांभाळावे, असा तिचा आशय आहे. साथीत तज्ज्ञ वस्तीत येऊ शकत नाहीत, त्यामुळे ही विभागणी साथीपूर्वीच झालेली असली पाहिजे.

पहिली भेट

संकटात सापडलेल्या व्यक्तीला लगेच द्यावयाच्या साध्या, मानवी आणि व्यवहार्य मदतीला ‘मानसिक प्रथमोपचार’ असे नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत त्याचे तीन भाग सांगितले आहेत : पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे. हा उपचार नव्हे, चौकशी नव्हे आणि उपदेश तर मुळीच नव्हे. शिध्याची पिशवी घेऊन गेलेल्या कार्यकर्तीने उंबऱ्यातूनच काही गोष्टी टिपाव्यात : मूल समोर येते की आत सरकते, त्याच्याऐवजी सतत दुसरेच कोणी उत्तर देते का, अंगावर मार दिसतो का, घरात दारूचा वास आहे का, चूल पेटलेली आहे का. त्यानंतर आईवडिलांशी कामाचे बोलणे झाल्यावर मुलाला एखादे छोटे काम सांगावे, जसे पिशवीतील वस्तू यादीशी ताडून पाहणे किंवा शेजारच्या दोन घरांचा निरोप देणे. काम करताना मुले बोलतात; समोर बसवून ‘तुला काय वाटते ते सांग’ असे म्हटले की बहुतेक मुले, विशेषतः मुलगे, ‘काही नाही’ म्हणून मोकळे होतात.

प्रश्न उघडे असावेत, पण फार मोठे नसावेत. ‘हल्ली झोप कशी लागते?’, ‘दिवसातला सगळ्यात नकोसा वेळ कोणता?’, ‘कोणाशी बोलणं होतं?’ एवढ्या तीन प्रश्नांतून पुष्कळ काही कळते. मूल बोलू लागल्यावर ‘तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतली मुले बघ’, ‘देवाची इच्छा’, ‘मुलासारखा मुलगा असून रडतोस’, ‘सगळं ठीक होईल’ अशी वाक्ये टाळावीत. शेवटचे वाक्य सद्भावनेचे असले तरी ते सांगणाऱ्याला माहीत नसलेल्या गोष्टीचे आश्वासन देते आणि मुलांना ते लगेच ओळखू येते. त्याऐवजी ‘हे अवघड आहे, आणि तू सांगितलंस ते बरं केलंस’ एवढे पुरते. जे करता येईल तेवढेच कबूल करावे : ‘परवा दुपारी पुन्हा येईन’ असे म्हटले असेल तर परवा दुपारीच गेले पाहिजे. न पाळलेल्या शब्दाने जेवढे नुकसान होते तेवढे अपुऱ्या मदतीने होत नाही.

किशोरवयातील नैराश्य अनेकदा उदासपणाऐवजी चिडचिडेपणाच्या रूपात दिसते, ही गोष्ट पालकांना मुद्दाम समजावून सांगावी लागते. सतत पोट किंवा डोके दुखणे, छातीत धडधड, रात्रभर जागून दिवसा झोपणे, मोबाइलवरील खेळात बुडून राहणे, गुटखा किंवा व्हाइटनरसारख्या द्रव्यांची नशा, आवडीच्या गोष्टी अचानक सोडून देणे, ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली आणि रोजच्या व्यवहारात अडथळा आणू लागली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा मैत्री क्लिनिकमध्ये न्यावे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालणाऱ्या किशोरस्नेही आरोग्य केंद्रांना महाराष्ट्रात मैत्री क्लिनिक म्हणतात आणि तेथील समुपदेशन मोफत असते. मात्र भीती, कंटाळा, रडू येणे या गोष्टी साथीच्या काळात स्वाभाविक आहेत. प्रत्येक हळव्या मुलाला रुग्ण ठरवणे हेही तितकेच अनिष्ट आहे.

फोनवरचे बोलणे आणि खोलीचे वास्तव

दूरध्वनीवरील समुपदेशनाची सगळी रचना एका गृहीतकावर उभी असते : बोलणाऱ्याला एकांत आहे. वस्तीत तो नसतो. एका खोलीच्या घरात मुलगी हेल्पलाइनवर बोलत असेल तर तिचे प्रत्येक वाक्य आई, आजी, दोन भाऊ आणि पातळ पत्र्यापलीकडचे शेजारी ऐकत असतात. आणि तिला घरातीलच कोणाचा त्रास असेल तर तो माणूसही तेथेच बसलेला असतो. त्यामुळे फोनवर बोलणाऱ्या कार्यकर्त्याने पहिल्या वाक्यातच ‘आत्ता बोलता येईल का, हो किंवा नाही एवढंच सांग’ असे विचारावे आणि पुढचे प्रश्नही हो-नाहीत उत्तर देता येईल असे बेतावेत. एखादा सांकेतिक शब्द आधी ठरवून ठेवणे उपयोगी पडते, जसे ‘गणिताची वही मिळाली का?’ या प्रश्नाचा अर्थ ‘प्रत्यक्ष भेट हवी’ असा धरणे. मिस्ड कॉल देऊन परतीच्या फोनची वेळ ठरवण्याची पद्धत रिचार्ज नसलेल्या घरांसाठी सोयीची असते. पाणी भरण्याची वेळ, दळण आणण्याची वेळ, सार्वजनिक नळाजवळचा कट्टा, गच्ची, मंदिराचे किंवा बुद्धविहाराचे अंगण, मशिदीशेजारचा मदरसा रिकामा असतो ती वेळ, असे एकांताचे तुकडे वस्तीतच शोधावे लागतात आणि ते बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतात.

फोन हा शिक्षणाचाही एकमेव मार्ग ठरला तेव्हा त्यातून नवा ताण निर्माण झाला. सप्टेंबर २०२० च्या ‘असर’ सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होते. वाढ मोठी दिसते, पण घरात फोन असणे आणि तो मुलीच्या हाती येणे यांत अंतर असते, आणि तासाच्या वेळी तो उपलब्ध असणे ही तिसरीच गोष्ट झाली. वर्ग बुडाल्याची शरम मुले सहसा बोलून दाखवत नाहीत; ती ‘मला शिकायचंच नाही’ अशा शब्दांत बाहेर पडते. सोलापुरात नीलमनगर या कामगारवस्तीतील शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले, तेव्हा मुलांना अभ्यासाइतकीच, रस्त्यावर एकमेकांपासून अंतर राखून का होईना, भेटण्याची जागा मिळाली. साथीत शाळा बंद ठेवणे अपरिहार्य असेल तर शिक्षकाने आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक मुलाशी नावाने बोलणे हा कामाचा भाग मानला जावा आणि अभ्यासाची चौकशी त्या बोलण्याच्या शेवटी यावी. परीक्षांबाबतची अनिश्चितता हाही ताणाचा एक मोठा स्रोत असतो : २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि २०२१ मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षाच झाल्या नाहीत, पण त्याआधीचे कित्येक महिने मुले ‘होणार की नाही’ या प्रश्नावर लोंबकळत राहिली. अशा वेळी शाळेने जे ठरले आहे आणि जे ठरलेले नाही, ते स्वच्छ शब्दांत सांगावे. अफवांना तेवढाच एक उतारा असतो.

दुःखाला जागा

कोविडच्या मृत्यूंनी कुटुंबांकडून निरोपाचा हक्कही काढून घेतला. रुग्णवाहिकेत बसलेली आई पुन्हा दिसलीच नाही, चेहरा पाहता आला नाही, स्मशानात दोन माणसांपलीकडे कोणी नव्हते, दहावे-तेरावे झाले नाही किंवा दफनाला नातलग पोचू शकले नाहीत, अशा मुलांचे दुःख अपुरे राहते आणि महिनोन्‌महिने ‘ती अजून दवाखान्यातच आहे’ अशा समजुतीत अडकून पडते. हे दुःख आवरून ठेवायला सांगू नये. निर्बंध सैल झाल्यावर, कितीही उशीर झाला असला तरी, त्या कुटुंबाच्या रीतीप्रमाणे एखादा विधी किंवा छोटी स्मरणसभा घ्यावी आणि तिच्यात मुलाला काही काम द्यावे. फोटो निवडणे, आईची एखादी आठवण सांगणे किंवा तिच्या हातची भाजी करून चार घरी देणे. मृत्यूची बातमी लपवून ठेवण्याचा मोह मोठ्यांना होतो, पण किशोरवयीन मुलाला ती बाहेरून कळते आणि मग घरच्यांवरचा विश्वास उडतो. बातमी घरातल्या जवळच्या माणसाने, सोप्या शब्दांत आणि ‘मृत्यू’ हा शब्द न टाळता सांगावी. ‘मीच घरात रोग आणला’ ही अपराधी भावना मुलांत फार आढळते. संसर्ग कसा पसरतो हे समजावून ती पुन्हा पुन्हा दूर करावी लागते.

दुःखापाठोपाठ पैशाचा प्रश्न येतो आणि तो मदतनीसाने आपल्या कामाबाहेरचा समजू नये. एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे; तिचे मासिक अनुदान आता २,२५० रुपये आहे आणि अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे करावा लागतो. कोविडमध्ये दोन्ही पालक दगावलेल्या मुलांसाठी राज्याने पाच लाख रुपयांच्या मुदतठेवीची तरतूद केली होती आणि केंद्राने मे २०२१ मध्ये वेगळी योजना जाहीर केली. मृत्यूच्या दाखल्यावर कारण नीट नोंदलेले नसणे, शिधापत्रिकेवर नाव नसणे, बँकेत खाते नसणे, अशा कारणांनी अर्ज अडतात. वडील गेल्यावर विधवा आईबरोबर या कचेरीतून त्या कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला कागदपत्रांत मदत करणे, हे त्याच्या मनाला दिलेला आधारच असतो.

मुलींची लग्ने, मुलांची मजुरी

टाळेबंदीत लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली आणि लग्न स्वस्त झाले. शाळा बंद, उत्पन्न घटलेले, मुलगी घरात आणि वर खर्च कमी, या चार गोष्टी जुळून आल्यावर अनेक ठिकाणी अल्पवयीन मुलींची लग्ने गुपचूप उरकली गेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचे आढळले. हा आकडा प्रामुख्याने साथीपूर्वीच्या लग्नांचा आहे, त्यामुळे त्याचा दोष साथीवर टाकता येत नाही. मात्र साथीने कोणत्या जमिनीवर पाय ठेवला ते त्यावरून कळते. गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे अनेक मुलींना माहीत नसते. त्याचा क्रमांक आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक शाळेच्या शेवटच्या दिवशी मुलींच्या वहीत लिहून द्यावा. लग्न थांबवल्यानंतर मुलीला घरच्यांचा राग आणि गावाची कुजबुज सोसावी लागते, म्हणून थांबवण्याइतकाच पाठपुरावाही महत्त्वाचा आहे.

मुलगे दुसऱ्या वाटेने जातात. वीटभट्टी, हॉटेल, गॅरेज, भाजीची गाडी किंवा सामान पोचवण्याचे काम त्यांना पटकन मिळते आणि हातात आलेल्या पैशाबरोबर घरात मानही मिळतो. त्यांना ‘शाळा का सोडलीस’ असे दटावणे निष्फळ ठरते. रात्रीचा वर्ग, सतरा क्रमांकाचा अर्ज भरून बाहेरून परीक्षा देण्याची सोय आणि कामाच्या ठिकाणी मारहाण किंवा शोषण होत असल्यास त्याविरुद्ध तक्रार, या तीन गोष्टी त्यांच्यासमोर ठेवाव्यात.

धोक्याची वेळ

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात २०२० मध्ये १२,५२६ आणि २०२१ मध्ये १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. दोन्ही वर्षी राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. मूल जगण्याचा कंटाळा, निरर्थकता किंवा ‘मी नसलो तर बरं’ असे काही बोलत असेल, जवळच्या वस्तू वाटून टाकत असेल किंवा अचानक सर्वांचा निरोप घेतल्यासारखे वागत असेल, तर शांतपणे आणि थेट विचारावे : ‘जीव देण्याचा विचार येतो का?’ उत्तर होकारार्थी आले तर मुलाला एकटे सोडू नये, गुप्ततेचे वचन देऊ नये आणि घरातील विश्वासू मोठ्या माणसाला सांगितले जाईल हे मुलाला आधीच सांगावे. फवारणीची औषधे, उंदराचे औषध आणि गोळ्यांच्या पट्ट्या घरातून हलवून कुलपात ठेवणे हा अत्यंत परिणामकारक उपाय आहे, कारण किशोरवयातील असे अनेक प्रयत्न क्षणिक आवेगातून होतात आणि तो क्षण टळला की जीव वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि १४४१६ या क्रमांकावर ती मराठीतही चोवीस तास विनामूल्य मिळते. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग, त्याचप्रमाणे ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये हा पुढचा टप्पा होय. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते आणि तिला सामान्यतः शिक्षा होत नाही. पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात नेण्यास कोणी टाळाटाळ करू नये.

लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास नियम वेगळा आहे. पॉक्सो कायदा, २०१२ नुसार ती पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. कार्यकर्त्याने मुलीची उलटतपासणी घेऊ नये, घडलेले पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये आणि प्रकरण ‘आपसात मिटवण्या’च्या बैठकीला तर मुळीच बसू नये. संरक्षणाची व निवाऱ्याची गरज असलेल्या मुलांबाबत बालकल्याण समिती निर्णय घेते.

साथ नसताना करावयाचे काम

आशा स्वयंसेविकांनी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या सप्टेंबर २०२० मधील मोहिमेत घराघरांत जाऊन तापमान आणि प्राणवायूची पातळी मोजली, पण घरातल्या मुलांच्या मनाविषयी विचारण्यासाठी त्या अर्जात रकाना नव्हता आणि जून २०२१ मध्ये त्यांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. जी स्त्री स्वतः थकलेली, तुटपुंज्या मानधनावर राबणारी आणि कित्येकदा गावाच्या रोषाची धनी झालेली आहे, तिच्यावर आणखी एक काम टाकताना प्रशिक्षण, मोबदला आणि तिचे स्वतःचे ऐकून घेणारे कोणीतरी, या तिन्हींची सोय करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. स्वयंसेवी संस्थांनीही आपल्या कार्यकर्त्यांना आठवड्यातून एक दिवस वस्तीपासून दूर राहण्याची मोकळीक द्यावी. सतत दुःख ऐकणाऱ्याचे कान काही काळाने बंद होतात, आणि त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

कोविडची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपल्याचे जाहीर झाले. पुढची साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही, परंतु तिची वाट न पाहता प्रत्येक शाळेने व प्रभागाने आजच दोन गोष्टी कराव्यात : धोक्यात असलेल्या मुलांची गोपनीय यादी आणि प्रत्येक पंचवीस-तीस घरांमागे प्रशिक्षण घेतलेले, मुलांच्या ओळखीचे एक माणूस. रेशन दुकानाच्या फलकावर, शाळेच्या भिंतीवर आणि सार्वजनिक शौचालयाच्या दारावर १४४१६ आणि १०९८ हे क्रमांक आताच, रंगाने आणि ठळक अक्षरांत लिहून ठेवावेत.